लेकरं विकत घेणाऱ्या बाई

बाईंना मी पहिला मेमो काढायला बसलो, तो लेकरं विकत घेतल्याबद्दल.

नवीनच आलो होतो. माण तालुक्याच्या पूर्वेला, सांगलीची हद्द जिथून हाकेवर आहे अशा ठिकाणचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिकडे नेमणूक झाली म्हटल्यावर साताऱ्याच्या ऑफिसातल्या क्लार्कनं मला आपुलकीनं विचारलं होतं, “कुणाशी भांडलात काय?” रुजू होऊन आठवडा झाला नसेल, तोवर आमच्या जीपचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, “सायेब, बाईंनी आज आणखी एक पोरगं घेतलं.” घेतलं म्हणजे? “इकत घेतलं की. मूठभर बाजरीला.” मी बाईंना ताबडतोब बोलावून घेतलं आणि त्या येईपर्यंत कागदावर ‘विषय’ म्हणून काय लिहावं याचा विचार करत बसलो.

बाई आल्या. केंद्राच्या नर्सबाई, पन्नाशीच्या, सावळ्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा लेकरं तोलायचा झोळीचा काटा. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “व्हय, घेतलं. का? तुमाला पायजे का एखादं?”

मग त्यांनीच समजावलं. ज्या घरात एकदोन लेकरं गेलेली असतात, तिथं पुढचं जन्मलं की ते घराचं ठेवायचं नाही. सुपात घालून दाराबाहेर ठेवायचं आणि जिची लेकरं जगलीवाचली आहेत अशा बाईला विकायचं. ती मूठभर धान्य देते आणि लेकरू तिचं होतं. राहतं आईपाशीच, पण मालकी दुसऱ्याची. म्हणजे काळ दारात आला तरी त्याला वाटावं, हे इथलं नव्हेच. वर नाव ठेवायचं दगडू किंवा धोंडू. आता जन्मदाखल्यावर शिवांश आणि अथर्व असतात, पण हाक मारायला दगड्याच. हा रिवाज जुनाच. बाईंनी केलं एवढंच, की घ्यायला त्या स्वतः उभ्या राहू लागल्या. आणि एकदा घेतलं, की मालकी खरोखरीची गाजवू लागल्या.

मेमो मी फाडून टाकला, पण हे काही बरोबर नाही, असं तोंडानं म्हणालो. डॉक्टरला असं काहीतरी म्हणावंच लागतं.

बाई मूळच्या कोरेगावकडच्या, पाटाच्या पाण्यावरच्या. यजमान लष्करातून सुभेदार होऊन परतलेले, पण गावात सगळे त्यांना ‘मेजर’ म्हणत. त्यांच्या सहवासानं बाईंच्या बोलण्यात ‘ऑर्डर’ हा शब्द फार असे. “ऑर्डर म्हंजे ऑर्डर,” असं म्हणत त्या वस्त्यावस्त्या पायी तुडवायच्या. फाट्यापर्यंत मेजर मोटरसायकलवरून सोडत आणि तिथून पुढे बाई, काटा आणि ऊन. विकत घेतलेल्या लेकराच्या घरी त्यांचा एकच हुकूम असे, आणि तो त्या उंबऱ्यावर उभं राहून मोठ्यानं सांगत, “मला इचारल्याबिगर ह्याच्या बाबतीत काय करायचं न्हाई.”

या हुकमाची ताकद मी एकदा डोळ्यांनी पाहिली. एका धनगरवस्तीवर बाळंतीण घरी येऊन दोन तास झाले होते आणि सासू सुनेचा पहिला चीक पिळून टाकायला सांगत होती. तो जड असतो म्हणे, लेकराला बाधतो. मी पंधरा मिनिटं प्रतिकारशक्तीवर बोललो. म्हातारी “व्हय, व्हय” करत होती आणि सुनेला डोळ्यांनी आत जायला खुणावत होती. मग बाई पुढं झाल्या.

“आत्याबाई, कोकरू जलमलं की त्याला पयलं काय पाजता?”

“चीक.”

“आन न्हाई पाजला तर?”

“मरतंय की मंग.”

मला वाटलं, जिंकलो. पण म्हातारी शांतपणे म्हणाली, “ते मेंढीचं झालं. हे माणसाचं हाय.” झालं! आमच्या दोघांचं शहाणपण तिथंच संपलं. तेव्हा बाईंनी आवाज चढवला, “माणसाचं नव्हं, हे माझं हाय. सकाळी इकत घेतलंय. माझ्या लेकराला चीक पायजे.” म्हातारीनं क्षणभर पाहिलं, आणि “तुमचं हाय तर पाजा बाई, मला काय,” म्हणून सुनेला बाहेर बोलावलं. परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, “सायेब, पटवून लोक ऐकत न्हाईत. कुणाचं हाय ते बघून ऐकत्यात.” मला ते तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की अंगावर येतं.

अशानं बाईंनी कितीतरी घरांतली शेगडी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर काढली. माझं लेकरू धुरात ठेवायचं न्हाई. माझ्या लेकराला पाच दिवस कोपऱ्यात पोत्यावर टाकायचं न्हाई, आईच्या छातीला लावून ठेवायचं. माझ्या लेकराच्या पोटाला चटका द्यायचा न्हाई, घुटी पाजायची न्हाई. वजन केलं की नजर लागते म्हणणाऱ्या बायका बाईंच्या काट्याला हरकत घेत नसत. स्वतःच्या मालाला कुणाची नजर लागते?

तरीही लेकरं जात होती. दर महिन्याला एखादं, कधी दोन. आणि गेलं की कागद येई. कशानं गेलं, कुठे उशीर झाला, रकाने भरा. मग तालुक्याला बैठक, जिल्ह्याला बैठक, आणि बैठकीत कुणीतरी टेबलावर पेन आपटत विचारणार, “हे टाळता आलं नसतं का?” मी लिहायचो, कमी वजन, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया. त्यात एक अक्षर खोटं नसे. पण बाई तो कागद वाचून परत माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, “सायेब, कागदावर पोरं शेवटच्या दुखण्यानं मरत्यात. खरी मरायला लय आदी लागल्याली असत्यात.” पोरीचं लग्न सतरा पुरं व्हायच्या आत झालं तेव्हा. तिनं उरलंसुरलं खाल्लं तेव्हा. पाण्याच्या टँकरमागं सातव्या महिन्यात घागर घेऊन पळाली तेव्हा. एवढे रकाने कागदाला नसतात. बाई चौकशीला जात तेव्हा घरी गेल्या गेल्या कागद काढत नसत. आईशेजारी बसून तिच्या सुपातले खडे वेचू लागत, ती बोलायला लागेपर्यंत. कधी अख्खी दुपार जाई आणि ती काहीच बोलत नसे. मग बाई दाणे निवडून ठेवून परत येत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

मंगल त्यांना अशीच भेटली. हौसाबाई नावाच्या मेंढकरणीची सून, वीसेक वर्षांची, बोलायची कमी. तिची दोन गेली होती. पहिलं माहेरी, आटपाडीच्या बाजूला. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज, त्यामुळे आम्ही इकडे समजलो की सांगली जिल्ह्याच्या बाया तिच्या घरी जात असतील आणि तिकडच्या समजल्या की ही साताऱ्याची, हिची नोंद तिकडे. दोन्हीकडे कामाची माणसं होती, पण अडीच आठवडे त्या लेकराला कुणी हात लावून पाहिलं नाही. दुसरं कळपामागं असताना झालं, कऱ्हाडच्या पुढं, उसाच्या रानात मेंढरं बसवलेली तिथं. ते एकच दिवस जगलं.

तिसरं मात्र आमच्या केंद्रात झालं. मुलगा. हौसाबाईनं सूप दाराबाहेर ठेवलं आणि बाईंनी मूठभर बाजरी देऊन तो घेतला. घरात त्याचं नाव दगडू. वजनानं कमीच होता, पण बाईंनी त्याला असा काही धरला की विचारू नका. आठवड्याला फेरी. मंगलचा नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली गेला तेव्हा बाईंनी मंगलला आणि पोराला ठेवून घ्यायला लावलं. हौसाबाई कडक बाई, पण बाईंपुढं गोगलगाय. तेल लावू का? बाईला विचारते. टोपडं काढू का? बाईला विचारते. सात महिन्यांचा दगडू काट्याच्या झोळीत बसून पाय झाडत खिदळायचा आणि बाई त्याला दटावायच्या, “गप रं गड्या, वजन चुकतंय.” त्या वर्षात मी त्यांना जेवढं खूश पाहिलं तेवढं पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग साताऱ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. बाई गेल्या. त्या गेल्या त्याच दिवशी दगडूला सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलनं पाहिलं, त्याचं पोट उडत होतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हे लक्षण बाईंनीच तिला शिकवलेलं. ती म्हणाली, “आत्या, दवाखान्यात नेऊया.” हौसाबाई म्हणाली, “लेकरू बाईचं हाय. तिला इचारल्याबिगर हलवायचं न्हाई.” त्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. शेजारच्या टेकडावर चढलं की एक काडी दिसते. मंगल दोनदा टेकडावर चढून फोन लावून आली. प्रशिक्षणात सगळ्यांचे फोन बंद होते. बाई उद्या येणार हे माहीत होतं. मग त्यांनी वाट पाहिली.

त्या दोन्ही दिवशी मी केंद्रात होतो. अकरा किलोमीटरवर. ऑक्सिजन होता, इंजेक्शनं होती, जीप दारात उभी होती. मी बसून कुठलीशी माहिती भरत होतो.

बाई तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीतून उतरल्या त्या फाट्यावरून थेट वस्तीवर गेल्या. पोराला पाहिलं आणि टेकडावर पळत जाऊन मला फोन केला. जीप गेली. पण दगडू फाट्यापर्यंतच होता. केंद्रात आणला तेव्हा बाई त्याला छातीशी धरून बसल्या होत्या आणि खाली उतरायला तयार नव्हत्या. मी हात पुढे केले, तर म्हणाल्या, “बघा की जरा. बघा की.” मी पाहिलं. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाचसहा दिवसांनी कागद आला. ‘कुटुंबाने निर्णय घेण्यास उशीर केला,’ असं मी लिहिलं. बाईंनी वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या.

“खोटं हाय हे! त्यांनी उशीर न्हाई केला. त्यांनी माझं ऐकलं. ऑर्डर माझी हुती. लिवा तसं.”

“बाई, असा रकाना नसतो.”

“मंग खाली लिवा. कोपऱ्यात लिवा.”

मी लिहिलं नाही. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, चौकशी लागली असती. शिवाय खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं नसतं. मी जुनं खोडून ‘दळणवळणाची अडचण’ असं लिहिलं. त्यावर बैठकीत कुणी काही विचारलं नाही.

चौकशीला बाईंबरोबर मीही गेलो. मला वाटत होतं, घरची माणसं बाईंना बोल लावतील, आणि बाई तर तेवढ्यासाठीच चालल्या होत्या. हौसाबाई दारात आली. बाईंचे पाय धरायला वाकली आणि म्हणाली, “बाई, तुमचं लेकरू आमच्या हातनं नीट सांबाळलं गेलं न्हाई. माफी करा.” बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मंगल आत चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. शिव्या परवडल्या असत्या हो. त्या माफीनं बाईंना जे केलं ते मी शेजारी उभा राहून पाहिलं.

त्यानंतर बाईंनी लेकरू विकत घेतलं नाही. बायका सुपं घेऊन केंद्राच्या व्हरांड्यापर्यंत येत. बाई लेकराला तपासत, वजन घेत, टोचत आणि सूप परत करत. लोक नाराज झाले. “बाईस्नी आता आमची पोरं नगं झाली,” असं बोलू लागले. बाई ऐकून घेत. वस्त्यांवर फिरणं तसंच होतं, पण उंबऱ्यावरून मोठ्यानं बोलणं बंद झालं. आता त्या आत जाऊन सुनेशी हळू आवाजात बोलत, आणि सासवा बाहेर कान टवकारून बसत. मी एकदा म्हटलं, “बाई, तुमच्या त्या रिवाजानं कितीतरी लेकरं वाचली, तीही धरा ना हिशेबात.” म्हणाल्या, “ती त्यांच्या नशिबानं वाचली. हे माझ्यानं गेलं.” अशा माणसाशी वाद घालून काय उपयोग? थकलेलं माणूस वाद घालत नाही, आणि आम्ही दोघंही थकलो होतो.

मंगलला चौथं झालं, बाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना. मुलगी. बारशाला आम्हाला बोलावणं होतं. गेलो, तर हौसाबाईनं सूप दाराबाहेर मांडून ठेवलेलं, आत मुलगी झोपलेली. “बाई, एवडी घ्या,” ती म्हणाली. “न्हाई म्हणू नगा. हात जोडते.”

बाईंनी सूप उचललं. मग त्यांनी आतल्या मंगलला हाक मारली, “हिकडं ये. पदर पसर.” मंगल बाहेर आली. बाईंनी कणगीतली बाजरी आणायला लावली, मूठभर मंगलच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सासूला दे.”

हौसाबाई म्हणाली, “आवं बाई, आई कुटं सोताचं लेकरू इकत घेती व्हय? असं कुटं असतंय?”

“आजपासनं असतंय.”

मंगलनं बाजरी सासूच्या ओंजळीत टाकली. बाईंनी मुलगी तिच्या पदरात घातली आणि तिच्याकडे पाहत म्हणाल्या, “आता ही तुझी. हिला काय वाटलं तर कुणाला इचारायचं न्हाई. सासूला न्हाई, मालकाला न्हाई. मलाबी न्हाई. तुला वाटलं की निघायचं. इचारत बसलीस तर माझ्याशी गाठ हाय.” मंगलला कितपत कळलं, कोण जाणे, असं मला वाटलं. सुपाचा कारभार असा उलटा झालेला हौसाबाईला मुळीच आवडला नव्हता, आणि जेवताना तिनं आम्हाला पोळी वाढली ती न बोलताच.

बाई निवृत्त झाल्या. नारळ, शाल, एक भिंतीवरचं घड्याळ. मी भाषण केलं, वाईट केलं. बाई दोनच वाक्यं बोलल्या, त्यातलं एक ‘चूकभूल माफ करा’ हे होतं, आणि ते नेहमीसारखं म्हणण्यापुरतं नव्हतं, एवढं फक्त मला कळलं. मेजर मोटरसायकल घेऊन आले होते. मोटरसायकल फाट्याकडे वळेपर्यंत मी व्हरांड्यात उभा होतो. नंतर खोलीत जाऊन बसलो, पण काम काही झालं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. दुपारी बाराच्या सुमारास दुधाची पिकअप केंद्राच्या दारात थांबली आणि कॅनांच्या मधून मंगल उतरली. कडेला मुलगी, आठ महिन्यांची. पोट उडत होतं. मी ऑक्सिजन लावला, पहिलं इंजेक्शन दिलं, एकशे आठला फोन केला. गाडी येईपर्यंत मी तिला विचारलं, कधीपासून? “सकाळी दूध वडंना. मंग बघितलं, तर खड्डा पडतोय.” कुणाबरोबर आलीस? “एकलीच.” नवरा मेंढरांमागं. सासू? “त्या म्हनल्या, टेकडावर जाऊन बाईस्नी फोन लाव, त्या काय म्हनत्यात बघ. मी म्हनलं, नगं. आन निगाले.” रस्त्यापर्यंत ती साडेतीन किलोमीटर चालली होती, मुलीला पदरात घट्ट बांधून. सासू मागून ओरडत होती म्हणे.

मुलगी नऊ दिवस मोठ्या दवाखान्यात राहिली आणि घरी गेली. जाताना मंगल तिला माझ्याकडे दाखवायला घेऊन आली. मुलीनं माझा चष्मा ओढला. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत बसून मला फारसं बरं वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. मी लगेच बाईंना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्या मध्ये मध्ये विचारत राहिल्या. किती वेळ पोट उडत होतं? वजन किती होतं? आता अंगावर पिती का?

शेवटी म्हणाल्या, “आन मला फोन न्हाई लावला तिनं?”

“नाही लावला. सासू सांगत होती, तरी नाही लावला.”

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. दगडू गेला त्या दिवशीही बाई रडल्या नव्हत्या.

“बरं केलं तिनं,” बाई म्हणाल्या. “लय बरं केलं.” आणि मग, “आज रिटायर झाले बघा मी, सायेब.”